पाचवा बिट : घरी जोडलेल्या संगणकाच्या ब्लू स्क्रीनचा तपास

१४ जून २०२५

चिपळूण येथे २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर जुनी कागदपत्रे स्कॅन करून ठेवण्याचे जे काम आम्ही काही जण हौसेने करत आहोत, त्यातील प्रतिमांवर प्रक्रिया करणारा घरचा डेस्कटॉप गेल्या महिन्यापासून काम चालू असतानाच निळा पडदा (विंडोज गंभीर बिघाडामुळे थांबते तेव्हा दिसणारा ‘ब्लू स्क्रीन’) दाखवून बंद पडत आहे. आजपासून त्याचा तपास क्रमाने करावयाचा असून प्रत्येक बदलाची नोंद येथे ठेवली जाईल. एका वेळी एकच बदल, आणि त्याचा परिणाम लिहून झाल्याशिवाय पुढचा बदल नाही, असे ठरवले आहे.

यंत्राची रचना अशी आहे : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, साधे ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि विंडोज ११. २०२२ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून हे यंत्र जोडले, तेव्हा त्यात रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या स्मृतीच्या, डीडीआर४ ३२०० जातीच्या ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या. मोठ्या प्रतिमा एकत्र उघडता याव्यात म्हणून यंदाच्या मार्चमध्ये त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेल क्रमांकाच्या आणखी दोन स्टिक बसवल्या. त्यानंतर सुमारे दोन महिने यंत्र सुरळीत चालले, त्यामुळे नव्या रॅमकडे लगेच बोट दाखवता येत नाही.

आज दोनच गोष्टी केल्या. सिस्टीमच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागातील आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढली, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचायला वेळ मिळेल. आणि प्रत्येक बिघाडाच्या वेळी छोटा मेमरी डम्प (त्या क्षणी स्मृतीत काय होते याची फाइल) लिहिला जाईल अशी व्यवस्था केली. डम्प लिहिण्यासाठी सी ड्राइव्हवर पेज फाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) असावी लागते, ती आहे याचीही खात्री केली.

१६ जून

पहिला संशय विजेवर घेणे इथल्या पावसाळ्यात अगदी साहजिक आहे. वीज दिवसातून अनेकदा जाते, आणि आमच्या घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर वीज गेल्यापासून बॅटरीवर येईपर्यंत जो क्षण जातो, तो संगणकाला सोसत नाही. एटीएक्स मानकाप्रमाणे एसएमपीएसने वीज तुटल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरणे अपेक्षित असते. इन्व्हर्टरवरील बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवले तरच बदल त्या मर्यादेच्या जवळपास होतो.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदी भरपूर आहेत. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाली नव्हती, मग कारण कोणतेही असो. परंतु नोंदीचा तपशील उघडल्यावर ‘बगचेक कोड’ नावाचा एक रकाना दिसतो, आणि आजचे सर्व काम त्या रकान्याने सोपे केले. जिथे तो शून्य आहे तिथे विंडोजला काही कळण्याआधीच यंत्र बंद पडले, म्हणजे वीज गेली किंवा कोणी बटण दाबून धरले; जिथे शून्य नाही तिथे ब्लू स्क्रीन आला. हा आकडा दशमान पद्धतीत लिहिलेला असतो, तर निळ्या पडद्यावरील क्रमांक षोडशमान पद्धतीत (दहाऐवजी सोळा अंकांच्या), हे ध्यानात ठेवावे लागते.

शून्याच्या नोंदी गावातील वीज गेल्याच्या वेळांशी बहुतांशी जुळतात. त्या बाजूला काढल्या. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाकला आणि त्या प्रश्नाचा निकाल लावला. उरलेल्या नोंदींमध्ये २६, ८० आणि १० हे आकडे आलटून पालटून दिसतात. २६ म्हणजे ‘मेमरी मॅनेजमेंट’, ८० म्हणजे ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, आणि १० म्हणजे ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’.

एकच सदोष ड्रायव्हर असता तर यंत्र बहुधा त्याच ठिकाणी, त्याच क्रमांकाने पडले असते. इथे क्रमांक बदलतो आहे, आणि माझ्या मते ही आतापर्यंत मिळालेली सर्वांत बोलकी माहिती आहे. निळ्या पडद्यावरील नाव हे विंडोजला ठेच कुठे लागली ते सांगते. तो दगड तिथे कोणी ठेवला, हे त्यावरून ठरत नाही.

१९ जून

साठलेले मिनिडम्प विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनात उघडून ‘अॅनालाइझ’ ही आज्ञा चालवली. बहुतेक डम्पमध्ये दोषी म्हणून ‘एनटीओएसकर्नल’ हे नाव येते. ते विंडोजच्या गाभ्याचेच नाव असल्यामुळे त्यावरून काही निष्पन्न होत नाही. एका डम्पमध्ये ब्राउझरची प्रक्रिया चालू होती, दुसऱ्यात प्रतिमा कापण्याचा प्रोग्रॅम, तिसऱ्यात यंत्र जवळपास रिकामे बसले होते.

‘मेमरी मॅनेजमेंट’च्या डम्पमध्ये मात्र पाहण्यासारखे काही आहे. या बिघाडाबरोबर चार घटक दिले जातात. त्यातील पहिला ४१७९२ असा आहे. त्याचा अर्थ असा की पेज टेबलमधील एक नोंद, म्हणजे स्मृतीचे कोणते पान प्रत्यक्षात कुठे ठेवले आहे हे सांगणारी नोंद, बिघडलेली आढळली. तिसऱ्या घटकात त्या बिघडलेल्या नोंदीचे मूल्य असते. ते मूल्य षोडशमान २० आहे, म्हणजे दशमान ३२. जी नोंद पूर्ण शून्य असायला हवी होती, तिच्यात उजवीकडून शून्यापासून मोजल्यास पाचवा असा एकच बिट (शून्य किंवा एक एवढेच मूल्य घेणारा सर्वांत लहान घटक) एक झालेला आहे.

एखादा प्रोग्रॅम स्मृतीत चुकीच्या जागी लिहू लागतो तेव्हा सहसा तो सबंध शब्द किंवा त्याहून मोठा तुकडा खराब करतो. एकुलता एक बिट उलटणे ही हार्डवेअरची खूण मानली जाते. पहिला घटक तोच असलेल्या दुसऱ्या डम्पमध्येही तिसरा घटक २० च आहे. दोन डम्पवरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आकडा तेवढा लिहून ठेवत आहे.

२१ जून

इतर शक्यता आज झटपट तपासून घेतल्या. प्रोसेसरवर पूर्ण भार ठेवून तापमान पाहिले. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश सेल्सियस आहे, आणि आमचा बऱ्याच खाली स्थिरावला. एसएसडी स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांत एकही त्रुटी नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने घातला, त्याने काहीही फरक पडला नाही. विंडोजमध्येच असलेली मेमरी तपासणी चालवली असता तिने कोणतीही समस्या नसल्याचा निर्वाळा दिला. या तपासणीने दोष दाखवला तर तो खरा मानावा. तिने दाखवला नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही.

संध्याकाळी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचे एक्सएमपी बंद केले. ३२०० हा वेग स्टिकच्या डब्यावर छापलेला असला तरी आमच्या स्टिकच्या बाबतीत तो एक्सएमपी या साठवलेल्या सेटिंगमधून, १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट देऊन मिळतो. ते सेटिंग बंद केल्यावर चारही स्टिक २१३३ वर आल्या.

२३ जून

एक्सएमपी बंद असताना बिघाड कमी झाले, पण थांबले नाहीत. यापुढे विंडोजच्या आतून पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून यंत्र त्यावरून सुरू केले.

तसे करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करण्याच्या सोयीची, रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली. विंडोज ११ मध्ये अनेक यंत्रांवर कूटबद्धता आपोआप चालू होते, आणि सिक्युअर बूट बंद केले किंवा बायोसमध्ये काही बदल केले की पुढच्या वेळी विंडोज ती की मागू शकते. दुरुस्तीच्या नादात आपल्याच माहितीबाहेर कुलूपबंद होण्याची वेळ कोणावरही येऊ शकते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पहिली फेरी २१३३ वर केली. मेमटेस्ट प्रत्येक चुकीसाठी पत्ता, अपेक्षित मूल्य आणि आढळलेले मूल्य दाखवतो. चुका फार नव्हत्या आणि पत्ते एका मर्यादित पट्ट्यातले होते, पण प्रत्येक ओळीत अपेक्षित आणि आढळलेल्या मूल्यांतील फरक एकच होता : शेवटून दुसऱ्या षोडशमान अंकात दोनाचा. म्हणजे शून्याऐवजी एक झालेला तोच पाचवा बिट.

दुसरी फेरी एक्सएमपी चालू करून ३२०० वर. आता त्या जुन्या चुकांच्या जोडीला आणखी चुका आल्या, आणि त्या निरनिराळ्या बिटांवर, निरनिराळ्या पत्त्यांवर विखुरलेल्या होत्या. एका जागी, एकाच बिटावर टिकून राहणारी चूक एखाद्या चिपकडे बोट दाखवते. विखुरलेल्या चुका वेग, व्होल्टेज किंवा प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरवरचा ताण दाखवतात. इथे दोन्ही प्रकार एकत्र दिसत असल्यामुळे प्रश्न एक नसून दोन आहेत असे धरून चालणे भाग आहे.

२५ जून

चारही स्टिकवर चिकटपट्टीने क, ख, ग, घ अशी अक्षरे लावली. क आणि ख जुन्या, ग आणि घ मार्चमधील. एकेक स्टिक एकटीच प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून २१३३ वर मेमटेस्ट चालवला. क, ख आणि घ यांत एकही चूक नाही. ग मध्ये थोड्याच वेळात पाचव्या बिटाच्या चुका दिसू लागल्या. दोष स्लॉटचा नाही हे पाहण्यासाठी ग चौथ्या स्लॉटमध्ये नेली. चुका तिच्याबरोबर गेल्या.

स्टिक काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासून पाहा, हा सल्ला फोनवर ओळखीच्या दुकानदाराने दिला. संगणक दुरुस्तीच्या दुकानांत हा उपाय सर्रास केला जातो आणि दमट हवेत साचलेली पुटे त्याने कधी कधी निघतातही. मला तो पटत नाही, कारण रबराचे कण मागे राहतात आणि मुलामा पातळ होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाय पुसून, वाळवून स्टिक पुन्हा तपासली. फरक पडला नाही, आणि पडेल अशी अपेक्षाही नव्हती. पाय अस्वच्छ असते तर चूक इतक्या शिस्तीने मोजक्या पत्त्यांपुरती राहिली नसती.

या स्टिकवर आठ चिप आहेत. मदरबोर्डकडे एका वेळी जाणाऱ्या ६४ बिटांपैकी प्रत्येक चिप आठ पुरवते. पाचवा बिट पहिल्या आठांत येतो, म्हणजे दोष आठांपैकी एका चिपमधील काही पेशींपुरता आहे. मार्चपासून दोन महिने तो का दिसला नाही, याची दोन उत्तरे संभवतात : त्या पेशी तेव्हा धड होत्या आणि नंतर खराब झाल्या, किंवा मे महिन्यात मोठी दप्तरे हाती घेईपर्यंत स्मृतीचा तो भाग फारसा वापरातच आला नव्हता.

विंडोजला ठरावीक खराब पाने वापरू नयेत अशी यादी देण्याची सोय आहे. ती वापरून ग स्टिक चालवता आली असती. खेळ खेळण्याच्या यंत्रावर मी कदाचित तसे केले असते. कागदपत्रांच्या यंत्रावर ते करणार नाही.

ग आणि घ दोन्ही काढल्या. क आणि ख यांवर ३२०० वर रात्रभर मेमटेस्ट चालवला, पूर्ण स्वच्छ.

२८ जून

यंत्र आता पडत नाही. बिघाड बंद होण्यावर समाधान मानले असते तर या नोंदी इथे संपल्या असत्या; पण ज्या बिटामुळे यंत्र पडत होते तो बिट यंत्र न पडता किती वेळा उलटला असेल, हा प्रश्न सुटलेला नाही. उलटलेला बिट पेज टेबलमध्ये पडला की विंडोज थांबते आणि आपल्याला कळते. तोच बिट फाइलच्या मजकुरात पडला तर कोणीही थांबत नाही. फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाताना तिची पाने रॅममधून जातात, आणि तिथे बदललेला बाइट एसएसडीवर अगदी इमानाने, जसाच्या तसा लिहिला जातो. या तपासात निळ्या पडद्याहून मला याचीच भीती अधिक आहे.

सुदैवाने मूळ स्कॅन या यंत्रावर झालेले नाहीत. ते लॅपटॉपवर होतात, तिथेच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा ठसा) काढून यादी केली जाते, मग बाहेरच्या हार्ड डिस्कवरून प्रती इकडे येतात. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने इथल्या प्रतींचे हॅश काढून यादीशी ताडून पाहिले. दोन हजारांहून अधिक प्रतिमांपैकी एकोणीस जुळल्या नाहीत. त्या सगळ्या मार्चनंतर इथे आणलेल्या आहेत.

त्या एकोणीस फायली मूळ प्रतींशी बाइट-बाइट ताडण्यासाठी एफसी ही आज्ञा द्विमान पर्यायासह वापरली. ती फरक असलेल्या प्रत्येक बाइटची जागा आणि दोन्हीकडची मूल्ये छापते. पहिल्याच फाइलमध्ये एका बाइटच्या जागी षोडशमान ४० ऐवजी ६० आहे. फरक २०, म्हणजे पुन्हा पाचवा बिट, आणि पुन्हा शून्याऐवजी एक. पुढे पाहत गेलो तसे आणखी एक साम्य दिसले. बिघडलेल्या बाइटची फाइलमधील जागा षोडशमानात लिहिल्यावर तिचा शेवटचा अंक नेहमी ० किंवा ८ येतो, म्हणजे ती जागा आठाच्या पटीत असते. रॅम ६४ बिटांच्या, म्हणजे आठ बाइटांच्या ओळीने वाचली-लिहिली जाते आणि फाइलची पाने स्मृतीत ठरावीक सीमेवरच बसतात, म्हणून पहिल्या चिपने पुरवलेला बाइट नेहमी आठाच्या पटीतील जागेवर येतो. डम्पमधील २०, मेमटेस्टमधील ओळ आणि या प्रतिमा अशा तिन्ही स्वतंत्र वाटांनी आता एकाच चिपचे नाव पुढे आले आहे.

तीन फायली या साच्यात बसत नाहीत. त्यांतील फरक वेगळ्या बिटांवर आहेत, आणि त्या तिन्ही एक्सएमपी चालू असतानाच्या काळातील आहेत.

प्रत्यक्ष हानी किती झाली, याचे उत्तर फाइलच्या प्रकारावर अवलंबून आहे. टिफ प्रतिमा आम्ही संक्षेप न करता ठेवतो. ३०० डीपीआयवर ए४ आकाराचे रंगीत पान सुमारे २६ एमबी होते, आणि त्यात ४० चे ६० झाले म्हणजे एका ठिपक्याच्या तीन रंगांपैकी एकाची छटा ६४ वरून ९६ झाली. डोळ्यांना ते कधीही दिसणार नाही. हाच बिट झिप फाइलमध्ये किंवा संक्षेप केलेल्या पीडीएफमध्ये उलटला असता तर तिथून पुढचे सबंध पान गेले असते. संक्षेप नसलेल्या फायली जागा फार खातात, अशी तक्रार आमच्या गटात वारंवार होते. तिला आता माझ्याकडे नेमके उत्तर आहे.

मूळ प्रती पुन्हा उतरवून घेता येतात. मार्चपासून जूनपर्यंत या यंत्रावर कापून, सरळ करून तयार केलेली पाने आणि त्यांच्या पीडीएफ यांना मात्र ताडून पाहण्यासाठी जगात दुसरी प्रतच नाही. त्यांचा हॅश आज काढला तरी तो बिघडलेल्या फाइलचाच असू शकेल. म्हणून मार्चनंतरचे सर्व तयार काम टाकून देऊन मूळ प्रतिमांपासून पुन्हा करावयाचे, असा निर्णय घेतला आहे. गटातील इतरांना तो जाचक वाटतो. एफसीने छापलेल्या ओळी त्यांना पाठवल्या आहेत.

चुका ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असती तर हे पहिल्याच दिवशी नोंदले गेले असते. हा प्रोसेसर ती चालवू शकतो, पण मदरबोर्डनेही साथ द्यावी लागते आणि बी५५० चे सर्व मदरबोर्ड ती देत नाहीत. पुढचे यंत्र जोडताना हा निकष वेगापेक्षा वर ठेवीन.

२ जुलै

विंडोजची दुरुस्ती मुद्दाम आजपर्यंत थांबवली होती. एसएफसी आणि डिझम या आज्ञा सिस्टीमच्या फायली तपासून नव्याने लिहितात, आणि ते लिखाणही रॅममधूनच होते. खराब रॅमवर त्या चालवणे म्हणजे दुरुस्तीच्या नावाने नवे बिघाड पेरणे होय. आज आधी डिझमने विंडोजच्या मूळ फायलींचा साठा दुरुस्त केला, मग एसएफसी चालवले. काही फायली खराब आढळल्या आणि बदलल्या गेल्या. दुसऱ्यांदा चालवल्यावर काहीही आढळले नाही. चेकडिस्कही स्वच्छ आहे.

५ जुलै

ग आणि घ या दोन्ही स्टिक मेमटेस्टच्या पडद्याच्या छायाचित्रांसह मुंबईच्या सेवा केंद्राकडे कुरिअर केल्या. दोष एकीत असला तरी जोडी म्हणून विकलेला माल जोडीनेच पाठवावा लागतो. तोपर्यंत काम १६ जीबीवर, कमी प्रतिमा एकत्र उघडून चालू आहे.

९ ऑगस्ट

बदली जोडी आली. बसवण्यापूर्वी सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या एसपीडी पानावर (स्टिकने स्वतःविषयी साठवलेली माहिती दाखवणाऱ्या) पाहिले असता मॉडेल क्रमांक तोच, पण आतील चिप दुसऱ्याच उत्पादकाच्या निघाल्या. एकाच नावाखाली वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिप येणे या धंद्यात नित्याचे आहे, आणि एकत्र विकलेली जोडीच एकत्र जुळवून पाहिलेली असते.

नव्या दोन्ही स्टिक एकेक करून २१३३ वर तपासल्या, निर्दोष आहेत. मग चारही बसवून ३२०० वर मेमटेस्ट चालवला, तर जूनमधल्यासारख्याच विखुरलेल्या, पण मोजक्या चुका आल्या. पाचव्या बिटाची एकही नाही. दोन प्रश्न वेगळे होते, हे यावरून ठरले. या पिढीच्या प्रोसेसरसाठी एएमडीने दिलेली ३२०० ची हमी दोन स्टिकची आहे. सिंगल रँकच्या (चिपचा एकच संच असलेल्या) चार स्टिक असतील तर ती २९३३ वर येते. म्हणून एक्सएमपीतील इतर मूल्ये तशीच ठेवून वेग २९३३ केला आणि रात्रभर चाचणी घेतली. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होते. प्रतिमा कापण्याच्या कामात या कमी वेगाचा फरक मला जाणवलेला नाही.

मूळ एकोणीस प्रतिमा बाहेरच्या डिस्कवरून पुन्हा उतरवल्या असून सर्वांचे हॅश यादीशी जुळतात. तयार पानांपैकी मार्च आणि एप्रिलची पाने नव्याने करून झाली आहेत; मे आणि जूनची बाकी आहेत. यापुढे तयार झालेल्या प्रत्येक पीडीएफचा हॅश त्याच दिवशी काढला जाईल, आणि महिन्यातून एकदा ती फाइल लॅपटॉपवर नेऊन, म्हणजे दुसऱ्या रॅममधून, तो पुन्हा ताडला जाईल.